मित्राला चाकू द्यायचाय? मग आधी मित्राचा हात बघा



हार्डवेअर, शेतीची अवजारं, भांडी, ट्रेकिंगचं सामान किंवा गिफ्ट आर्टिकल, यातलं काहीही विकायचा विचार तुम्ही करत असाल, तर एक ग्राहक तुमच्या दुकानात नक्की येणार आहे. तो म्हणेल, "एक चांगला फोल्डिंग चाकू दाखवा. मित्राला द्यायचाय." आणि बहुतेक दुकानदार लगेच विचारतात, "बजेट किती?"

माझं मत असं आहे की बजेटचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. तो आधी विचारला की तुम्ही चाकू विकत नाही, फक्त आकडा विकता. बजेट हजार म्हटलं की हजारातला सगळ्यात चकचकीत डबा काउंटरवर येतो. ग्राहक खूश, तुम्ही खूश, आणि ज्याच्यासाठी तो घेतला त्या माणसाचा विचार दोघांनीही केलेला नसतो. मग तो चाकू ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. डब्यासकट.

माझं दुकान नाशिक जिल्ह्यात, द्राक्षपट्ट्यात आहे. हार्डवेअर आणि शेतीची हत्यारं विकतो. चाकू हा माझ्या धंद्याचा अगदी छोटा भाग. पण नवीन मुलांना विक्री शिकवताना मी मुद्दाम चाकूचंच उदाहरण घेतो. कारण या एका छोट्या वस्तूत गिफ्ट विकण्याचे सगळे धडे आहेत. शिवाय इथे चूक झाली तर नुसते पैसे वाया जात नाहीत. कुणाचं बोट कापतं, कुणाला पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागते, आणि नाव तुमच्या दुकानाचं निघतं.

काउंटरवर एक, पण ग्राहक दोन

बी.बी.ए.ला आम्हाला कस्टमर आणि कन्झ्युमर यातला फरक शिकवला होता. विकत घेणारा वेगळा, वापरणारा वेगळा. परीक्षेत दोन ओळी लिहून मार्क मिळाले. दुकानात बसल्यावर त्या दोन ओळींचा खरा अर्थ कळला.

स्वतःसाठी चाकू घेणारा माणूस हातात धरून बघतो, उघडतो, मिटतो, नाक मुरडतो, दुसरा मागतो. त्याला काय हवं ते त्याच्या हाताला माहीत असतं. गिफ्ट घेणारा तसं करू शकत नाही. ज्याच्या हातात चाकू जाणार तो माणूस दुकानातच नाही. मग घेणारा माणूस डोळ्यांनी निवडतो. लाल रंग, लाकडी डबा, वीस अवजारं एकात, पात्यावर वाघाचं चित्र.

म्हणून गिफ्टच्या विक्रीत दुकानदाराचं काम वाढतं. दुकानात नसलेल्या माणसाची बाजू तुम्हाला मांडायची असते. ती मांडायची कशी? तर प्रश्न विचारून. मी तीनच विचारतो.

पहिला प्रश्न: तुमचा मित्र रोज काय कापतो?

"मित्र काय करतो" असं विचारलं की उत्तर येतं, "नोकरी करतो." त्यातून काही कळत नाही. "रोज काय कापतो" असं विचारलं की ग्राहक थांबतो, विचार करतो आणि मग खरी माहिती देतो.

आमच्याकडचं उदाहरण घ्या. मित्राची द्राक्षाची बाग आहे किंवा नर्सरी आहे. आमच्या भागात डॉगरीज जातीचं खुंटरोप आधी लावतात आणि नंतर साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास त्यावर हव्या त्या जातीच्या काडीचं पाचर कलम करतात. काडीला दोन्ही बाजूंनी तिरपा, सपाट, एका फटक्यात काप द्यावा लागतो. काप उंचसखल झाला की काडी आणि खुंट नीट चिकटत नाहीत आणि कलम वाया जातं. कलमाच्या चाकूचं पातं म्हणूनच सरळ असतं, आणि बहुतेक चांगल्या कलमी चाकूंना धार एकाच बाजूने लावलेली असते. दुसरी बाजू सपाट, म्हणून काप सपाट येतो. या मित्राला तुम्ही वीस अवजारांचा, दोन्ही बाजूंनी धार लावलेला जाड चाकू दिलात तर तो आभार मानेल, आणि कलमाच्या दिवशी स्वतःचा जुना चाकूच काढेल.

दुसरा मित्र ट्रेकर. दर शनिवार-रविवारी सह्याद्रीत. तो कांदा चिरतो, दोरी कापतो, पाकिटं फोडतो, कधी डबा उघडतो. त्याला एक मोठं पातं, डबा उघडायची सोय आणि बारीक चिमटा पुरतो. चिमटा तर लागतोच, कारण करवंदीच्या जाळीतून गेल्यावर काटा निघत नाही तोवर पुढे चालणं नाही.

तिसरा मित्र कुरिअरच्या गोडाऊनमध्ये किंवा स्वतःच्या दुकानात बसतो. तो दिवसभर फक्त खोक्यांवरची चिकटपट्टी कापतो. त्याला खरंतर फोल्डिंग चाकूच नको. पाती बदलता येणारा कटर द्या, कारण चिकटपट्टी आणि पुठ्ठा दोन्ही धार लवकर मारतात. हे ग्राहकाला सांगायचं धाडस दाखवा. हजाराच्या विक्रीऐवजी दोनशेची होईल. पण पुढच्या वेळी तो दुकानात शिरताना "हा माणूस गळ्यात मारत नाही" हे मनात घेऊन शिरेल.

दुसरा प्रश्न: तो राहतो कुठे, आणि चाकू ठेवणार कुठे?

चाकूचं पोलाद दोन घराण्यांचं असतं असं समजा. एक कार्बन स्टील, दुसरं स्टेनलेस. कार्बन स्टीलला धार पटकन लागते, साध्या दगडावरही. पण ओलं राहिलं की गंजतं. लिंबू, कैरी, कांदा कापला की त्यावर काळपट डाग पडतात. ते डाग म्हणजे खराबी नव्हे, त्या पोलादाचा तो स्वभावच आहे. पण गिफ्ट मिळालेल्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो समजतो, मित्राने हलका माल दिला.

आता विचार करा, मित्र रत्नागिरीला, मालवणला किंवा गोव्यात राहतो. खारी हवा, चार महिने पाऊस. तिथे कार्बन स्टीलचा चाकू द्यायचा असेल तर घेणारा माणूस तो पुसून, तेलाचा हात लावून ठेवणारा हवा. असे हौशी लोक असतात, आणि त्यांना असाच चाकू आवडतो. बाकी सगळ्यांना स्टेनलेस द्या. मात्र "स्टेनलेसला गंज चढतच नाही" असं छातीठोकपणे सांगू नका. कमी चढतो. समुद्राच्या पाण्याने भिजवून तसाच मिटून ठेवला तर बिजागरीत तोही धरतो.

"ठेवणार कुठे" हेही तितकंच महत्त्वाचं. खिशात ठेवणार असेल तर वजन बघा. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा साधारण ५८ मिलिमीटरचा छोटा चाकू विशेक ग्रॅमचा असतो, खिशात आहे हे कळतही नाही. तेहतीस कामं करणारा जाडजूड चाकू १८५ ग्रॅमचा भरतो. पँटच्या खिशात तो दोन दिवस राहतो, तिसऱ्या दिवशी घरी. आणि मित्र कामासाठी सतत विमानाने फिरत असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा, की चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात टाकायच्या बॅगेतच ठेवायचा. नाहीतर तुमचं प्रेमाचं गिफ्ट विमानतळावरच्या डब्यात जाणार.

तिसरा प्रश्न: मित्र डावरा आहे का?

हा प्रश्न ऐकून ग्राहक हसतात. पण बऱ्याच चाकूंची लॉकची पट्टी, नखाने पातं ओढायची खाच किंवा अंगठ्याने उघडायचं बटण उजव्या हाताच्या सोयीने केलेलं असतं. एका बाजूने धार असलेल्या कलमी चाकूत तर डाव्या हाताला काप चुकीच्या कोनातच येतो. डाव्या हाताच्या माणसाला आयुष्यभर सगळ्या वस्तू उलट्या वापरायची सवय असते. त्याचा हात ओळखून मित्राने वस्तू आणली, यापेक्षा मोठं गिफ्ट काय असणार?

याच प्रश्नात वयाचाही विचार करा. नखाने ओढायचा कडक स्प्रिंगचा चाकू साठीच्या माणसाला उघडता येत नाही. तुम्ही दुकानात तो उघडून बघा. तुमचंच नख दुखत असेल तर त्यांचं काय होईल?

काउंटरवर एवढं तपासता आलंच पाहिजे

चाकू विकायचा तर चार गोष्टी स्वतःच्या हाताने तपासा. पातं उघडून बाजूला हलवून बघा. खुळखुळत असेल तर बिजागरी ढिली. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतंय का बघा. एका बाजूला घासत असेल तर धार लवकर जाईल. लॉक पूर्ण बसतंय का, आणि बोटं पात्याच्या वाटेत न आणता सोडता येतंय का बघा. शेवटी जुन्या वर्तमानपत्राचा कागद कापा. कागद फाटत, अडकत गेला तर धार नीट नाही. अंगठ्यावर धार तपासायची सवय असेल तर आजच सोडा. तुमचं बघून ग्राहकही तेच करतो.

लॉकबद्दल थोडं सांगतो, कारण इथेच बोटं कापतात. साध्या फोल्डिंग चाकूला लॉक नसतंच. पाठीमागच्या स्प्रिंगच्या जोरावर पातं उघडं राहतं. फळ कापायला, पाकीट फोडायला हे पुरेसं आहे. पण टोक आत खुपसायचं काम असेल, म्हणजे जाड पुठ्ठ्याला भोक पाडणं, प्लास्टिकचा पाइप कोरणं, तर पातं उलटं मिटून बोटांवर येऊ शकतं. असं काम करणाऱ्याला लॉकवालाच द्या. आणि ज्याने आयुष्यात कधी चाकू वापरला नाही त्याला उघडायला-मिटायला शिकवूनच द्या. मिटताना बोटं पात्याच्या रेषेबाहेर, एवढं एकच वाक्य सांगायचं. ते सांगायला तीन सेकंद लागतात.

कडकपणाबद्दलही एक गैरसमज आहे. पोलाद जितकं कडक तितका चाकू चांगला, असं तरुण ग्राहक इंटरनेटवर वाचून येतात. कडक पोलाद धार जास्त दिवस धरतं हे खरं. पण एकदा गेली की घरातल्या साध्या दगडावर ती परत येता येत नाही, आणि हाडावर किंवा दगडावर आपटलं तर कड तुटते. रॉकवेल मापावर ५५-५६च्या आसपासचं पोलाद जगभर खिशातल्या चाकूंना वापरलं जातं, कारण सामान्य माणूस त्याला स्वतः धार लावू शकतो. गिफ्ट घेणारा मित्र हा बहुतेक वेळा असाच सामान्य माणूस असतो.

दोन जुन्या कंपन्या काय शिकवतात

फ्रान्सच्या सव्वा भागात जोसेफ ओपिनेल नावाच्या माणसाने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी एक साधा चाकू बनवला. लाकडी मूठ, एक पातं, बस्स. १८९७ पर्यंत त्याने १ ते १२ नंबरच्या मापात तो काढला. चाकू तोच, फक्त हाताप्रमाणे आणि कामाप्रमाणे लहान-मोठा. पुढे १९५५ मध्ये पातं अडकवायची गोल फिरती रिंग आली. आजही त्यातला ८ नंबर, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, जगभर विकला जातो. म्हणजे त्या चाकूत त्यांनी कामं वाढवण्याऐवजी मापं दिली. आपल्याकडे चपलेचं दुकानही तेच करतं. पायाचं माप विचारल्याशिवाय चप्पल कोण विकतं?

दुसरी कंपनी स्वित्झर्लंडची व्हिक्टोरिनॉक्स. कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये कारखाना सुरू केला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले. त्या सैनिकी चाकूत चारच गोष्टी होत्या. पातं, भोक पाडायची आरी, डबा उघडायचं हत्यार आणि स्क्रू-ड्रायव्हर. स्क्रू-ड्रायव्हर का? कारण सैनिकाला रायफल खोलून साफ करावी लागायची. प्रत्येक हत्यारामागे एक काम होतं. लोक आज "स्विस चाकू म्हणजे खूप अवजारं" असं समजतात, पण त्याची सुरुवात मोजक्या गरजांतून झाली.

याच कंपनीचा दुसरा धडा धंदेवाल्यांसाठी आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानात चाकू न्यायला बंदी आली आणि विमानतळांवरची त्यांची विक्री कोसळली. प्रवाशाने घरच्यांसाठी घेतलेलं गिफ्ट हा त्यांचा मोठा धंदा होता. आज ती कंपनी घड्याळं, सामानाच्या बॅगा, स्वयंपाकघरातल्या सुऱ्याही विकते. तुम्हीही लक्षात ठेवा, फक्त गिफ्टवर उभं असलेलं दुकान एका नियमाने हलतं. वस्तू रोजच्या कामाची असेल तर दुकान टिकतं.

"पण साहेब, गिफ्ट तर भारी दिसलंच पाहिजे ना?"

ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो. आणि प्रश्नात तथ्य आहे. गिफ्ट देणाऱ्यालाही मान हवा असतो. चार लोकांत पाकीट फोडलं आणि आत साधा एका पात्याचा चाकू निघाला तर त्याला कानकोंडं वाटतं. आपणही धंदा करायला बसलोय, समाजसेवा करायला नाही.

शिवाय जास्त अवजारांचा चाकू काही लोकांना खरंच उपयोगी पडतो. होस्टेलवर राहणारी मुलगी, ट्रक ड्रायव्हर, सर्व्हेच्या कामाला गावोगाव फिरणारा माणूस, यांच्याजवळ अवजारांची पेटी नसते. त्यांना कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, बाटली उघडायची सोय, सगळं एकात मिळालं तर सोनं. घरात सगळी हत्यारं असलेल्या माणसाला मात्र तेच नुसतं ओझं.

भारीपणाचं उत्तर असं, की तो अवजारांच्या संख्येत शोधू नका. लाकडाची चांगली मूठ, चामड्याचं छोटं म्यान, मुठीवर कोरलेलं मित्राचं नाव, सोबत धार लावायचा एक छोटा दगड. यातली प्रत्येक गोष्ट तुम्ही विकू शकता. नाव कोरणारा कारागीर तुमच्या गावात ट्रॉफ्या बनवणाऱ्याकडे सापडेल.

हिशोब मांडून बघू. समजा दोन हजारांचा बहुअवजारी चाकू विकलात आणि पंचवीस टक्के मार्जिन आहे. पाचशे सुटले. दुसरीकडे बाराशेचा एका पात्याचा चाकू, दीडशेचा दगड, दोनशेचं म्यान आणि शंभराचं कोरीव काम असं साडेसोळाशेचं बिल केलंत. दगड, म्यान आणि कोरीव कामावर मार्जिन जास्त धरता येतं, समजा चाळीस टक्के. चाकूचे तीनशे आणि बाकीचे एकशे ऐंशी. चारशे ऐंशी सुटले. फरक वीस रुपयांचा. ग्राहकाचे साडेतीनशे वाचले. आणि मित्राला वापरता येईल अशी वस्तू मिळाली. आकडे तुमच्या दुकानाचे वेगळे असतील, पण कागदावर मांडून बघा. "साधं विकलं की नुकसान" ही समजूत बहुतेक वेळा हिशोब न मांडल्यामुळे असते.

कुणाला विकायचा नाही, हेही ठरवून ठेवा

आता जरा गंभीर बोलू. वाढदिवसाला तलवारीने केक कापला आणि गुन्हा दाखल झाला, अशा बातम्या आपण महाराष्ट्रात सतत वाचतो. त्याच वयाची मुलं चाकू मागायला येतात. "दादा, बटण दाबलं की झटकन उघडणारा आहे का? भाऊच्या बड्डेला द्यायचाय."

माझ्याकडे तसला माल नाही आणि ठेवणार नाही. शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोजली जातात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. पण म्हणून छोटं पातं म्हणजे मोकळं रान, असं समजू नका. दिल्लीत बटणाच्या आणि स्प्रिंगच्या चाकूंवर वेगळी अधिसूचना आहे. तिथे ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद पात्यालाच मर्यादा लागते. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सण, निवडणूक, तणाव अशा काळात जिल्ह्यात हत्यारं बाळगायला मनाई करणारे आदेश निघतात. त्या कलमात चाकूचंही नाव आहे.

म्हणजे काय, तर कलम करायचा चाकू बागेत अवजार आहे. तोच चाकू मनाई आदेशाच्या काळात रात्री बाजारात कमरेला लावून फिरलं तर खुलासा द्यावा लागतो. हे ग्राहकाला विकतानाच सांगा. आपल्या जिल्ह्यातले आदेश वर्तमानपत्रात येतात, ते वाचत जा. आणि दुकानाचा एक नियम भिंतीवर लावा. मी लावलाय. "अठरा वर्षांखालील मुलांना चाकू मिळणार नाही. वाद घालू नये." एक विक्री जाते. जाऊ दे. ज्या विक्रीनंतर आपल्याला झोप लागणार नाही ती विक्री गल्ल्यात दिसते, पण महाग पडते.

मित्र तापट आहे, दारू पिऊन भांडतो, सध्या मनाने खचलेला आहे, असं बोलता बोलता कळलं तर सरळ दुसरं गिफ्ट सुचवा. चांगली टॉर्च द्या, थर्मास द्या. ग्राहकाला वाईट वाटत नाही. उलट त्यालाही मनात ते टोचत असतं, फक्त कुणीतरी बोलायला हवं असतं.

अपशकुनाचं काय करायचं?

"धारदार वस्तू दिली की मैत्री तुटते" असं म्हणणारे ग्राहक तुम्हाला भेटतीलच. अनेकदा सोबत आलेली आई किंवा बायको म्हणते, आणि जवळजवळ झालेली विक्री थांबते. इथे नवीन दुकानदार दोन चुका करतात. एक तर हसतात, "काय मावशी, कुठल्या जमान्यात आहात!" किंवा गप्प बसतात. दोन्हीत ग्राहक जातो.

मी त्यांना आपल्याच घरातल्या गोष्टी आठवून देतो. बाळाच्या उशाशी अडकित्ता किंवा चाकू ठेवतातच ना? हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार असतेच ना? म्हणजे आपल्याकडे धार ही नुसती तोडणारी नाही, राखणारीही आहे. आणि धारदार वस्तू हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची, ही आपली जुनी रीत. शकुन बाजूला ठेवा, सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ती शंभर टक्के बरोबर आहे.

यावर युरोपात एक छान तोड आहे. चाकू मिळालेला माणूस देणाऱ्याला एक नाणं परत देतो. म्हणजे तो चाकू भेट राहत नाही, विकत घेतलेला होतो, आणि मैत्री शाबूत. आम्ही गिफ्टच्या प्रत्येक डब्यात एक रुपयाचं नवं नाणं चिकटवून देतो, आणि चिठ्ठी, "हा रुपया मित्राला परत द्या." मावशी खूश, ग्राहक खूश. पाकीट फोडताना चार लोकांत तो रुपया परत द्यायचा कार्यक्रम होतो, हशा पिकतो, आणि दुकानाचं नाव निघतं. एक रुपयात यापेक्षा चांगली जाहिरात मला अजून मिळालेली नाही.

विक्री बिलावर संपत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. गिफ्ट मिळालेला मित्र हा तुमचा दुसरा ग्राहक आहे, पण त्याला तुमचं दुकान माहीतच नाही. त्याला दुकानापर्यंत आणायचं कसं?

डब्यात एक छोटं कार्ड ठेवा. एका बाजूला मराठीत वापरायच्या चार सूचना. पातं वापरल्यावर कोरडं पुसा. बिजागरीत महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पेचकस म्हणून पात्याचं टोक वापरू नका. मिटताना बोटं बाजूला. दुसऱ्या बाजूला दुकानाचा पत्ता आणि एक ओळ, "वर्षभर धार फुकट."

धार लावून द्यायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत तो माणूस दुकानात उभा असतो. छाटणीची कात्री बघतो, पाइप बघतो, भाव विचारतो. मागच्या वर्षी एक शेतकरी भाऊ असाच मित्राने दिलेल्या चाकूला धार लावायला आला. त्याला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ऑक्टोबरच्या छाटणीआधी तो आपल्या मजुरांसाठी सहा कात्र्या घेऊन गेला. चाकूचं बिल मित्राचं, कात्र्यांचं बिल त्याचं.

बजेट विचारून विकलेल्या चाकूतून हे घडत नाही. ड्रॉवरमध्ये पडलेल्या चाकूला धार लावायला कुणी येत नाही. जो चाकू रोज उघडला जातो त्याचीच धार जाते, आणि ज्याची धार जाते तोच माणूस परत येतो.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या दुकानात, किंवा दुकान अजून नसेल तर ओळखीच्या दुकानात, गिफ्ट म्हणून विकली जाणारी कुठलीही एक वस्तू निवडा. चाकू असो, टॉर्च असो, पाण्याची बाटली असो. ती वापरणाऱ्या माणसाबद्दल विचारायचे तीन प्रश्न वहीत लिहा. त्यात किंमत यायला नको. मग पुढच्या पाच ग्राहकांना ते तीन प्रश्न विचारा आणि बजेट शेवटी विचारा. कुणी काय उत्तर दिलं, शेवटी काय घेतलं आणि किती सुटले, ते समोर लिहा. पाच ओळी होतील. धंद्याची पुढची खरेदी त्या पाच ओळी बघून करा.